टाकवलेली फरशी

कमलाबाई मेश्राम एकदा हट्टाला पेटल्या की त्यांच्यापुढे बोलायची भिलाईच्या कोहका वस्तीत कुणाची टाप नाही. त्या वर्षी त्या पेटल्या होत्या एवढ्याशा जागेसाठी. घराचं दार आणि फाटक यांच्या मधली ती जागा, जिला त्यांच्या घरात विदर्भातल्या जुन्या सवयीनं सपरी म्हणतात. खाट आडवी टाकली तर माणसाला वाट उरू नये, एवढीच.

त्या सपरीत पांढरीशुभ्र टाइल होती. यजमान टिकारामजींनी रिटायर झाल्यावर हौसेनं बसवलेली. सगळी नोकरी प्लांटमध्ये भट्टीच्या तोंडाशी गेली, सगळा संसार क्वार्टरच्या सिमेंटच्या जमिनीवर झाला. मग स्वतःच्या घराच्या दारात तोंड दिसेल अशी टाइल हवी, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. क्वार्टर सोडून आलेली सगळीच माणसं हे करतात. चकाकी म्हणजे प्रगती, असं भिलाईत कुणी शिकवत नाही, पण सगळे शिकतात. त्याच टाइलवर, ती नुकतीच धुतलेली असताना, टिकारामजी घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले.

हाड जुळलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. घरातल्या घरात काठी टेकत ते चालतही होते. पण दारापाशी आले की पाय खिळायचे. ज्या माणसानं उकळत्या लोखंडाशेजारी उभं आयुष्य काढलं, तो हातभर टाइलला भ्यायला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे ठीक. यांनी ताकच सोडलं. चौकात जाणं बंद, विहारात जाणं बंद. मित्र भेटायला यायचे, हळूहळू तेही थांबले. दिवसभर खाटेवर बसून टिकारामजी पंख्याकडे बघत. आपला नवरा डोळ्यांदेखत विझत चाललाय, हे कमलाबाईंना स्वच्छ दिसत होतं आणि त्याची त्यांना फार भीती वाटत होती.

“सपरीतली टाइल काढून टाकू आपन,” एका सकाळी त्या म्हणाल्या.

“कावून? फुटली हाय का?” टिकारामजी उखडले. “माह्या मेहनतीची टाइल हाय ते. पाय माहा घसरला, टाइलची का चुकी?”

“चुकी कोनाची ते मले नाई काढाचं. मले तुमी घराबाहेर पायजे.”

मुलगा विक्की जुनवानीत मोबाइलच्या दुकानात कामाला. सुट्टीच्या दिवशी तो आईला बाइकवर बसवून सुपेल्याला टाइलच्या दुकानात घेऊन गेला. त्याला वाटलं, हां हां म्हणता उरकेल. कमलाबाईंनी आधी चपला काढल्या. मग पिशवीतली पाण्याची बाटली दुकानदाराच्या नमुन्यांवर ओतली आणि अनवाणी एकेकावर उभ्या राहायला लागल्या.

“आई, लोग देख रहे हैं! का करून राहिली तू?”

“परीक्षा घेऊन राहिली.”

ग्रॅनाइट ओलं होताच पायाखालून निसटायला लागलं, शिवाय ते आवाक्याबाहेरचं. खरखरीत म्हणून दाखवलेली टाइल पायाला बरी लागली, पण नमुन्याचाच कोपरा उडालेला होता. सपरीत गॅसचा सिलिंडर आपटतो, सायकल टेकते; तिथे हिचे तुकडे व्हायला कितीसा वेळ? पार्किंगमध्ये घालतात ती खाचांची टाइल स्वस्त आणि दणकट. विक्कीनं तिचीच बाजू लावून धरली. कमलाबाईंनी येताना टिकारामजींची जुनी काठी आणली होती. तिचं रबरी बूड त्यांनी खाचेत टेकवून पुढे ढकललं. ते अडकलं.

“पाहा. मानूस तोंडावर पडन ना.”

शेवटी दुकानामागे उन्हात उभ्या केलेल्या कोटा दगडाच्या कच्च्या फरशा त्यांना दिसल्या. एक आडवी टाकायला लावून त्या तिच्यावर उभ्या राहिल्या. हिरवट-करडी, मशीन न फिरवलेली, पाण्यातही पाय धरून ठेवणारी. सिलिंडर आपटला तरी हूं की चूं न करणारी, आणि खिशाला झेपणारी. हीच, असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

फरशी हिरालाल मिस्त्रीनं बसवली. पॉलिश करायचं नाही, असं त्याला दहादा बजावून कमलाबाई नेहमीप्रमाणे महिला मंडळाबरोबर दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर गेल्या. मागे घरी घोळ झाला.

“भैया, बिना पॉलिश का कोटा?” मिस्त्री विक्कीला म्हणाला. “देखनेवाला बोलेगा, हिरालाल आधा काम छोड़ के भाग गया.” विक्कीला ते पटलं. आई परत येईल आणि दारातली चमक पाहून खूश होईल, असंही त्याच्या मनात आलं. टिकारामजींनी तर खाटेवरून सूचना केली की मशीन कोपऱ्यातही नीट फिरवा. कमलाबाईंनी परतल्यावर फाटक उघडलं आणि हिरव्या फरशीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

त्या रडल्या नाहीत. ओरडल्या मात्र भरपूर.

“मशीन कोनी फिरवली?”

बाप लेकाकडे बघायला लागला, लेक बापाकडे.

“मस्त दिसून राहिलं पन,” टिकारामजी हळूच म्हणाले.

“दिसून राहिलं! पाहाले तुमी दारात तरी येता का?”

टिकारामजी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आपण जास्त बोललो हे कमलाबाईंना कळलं, वाईटही वाटलं, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

फरशी उपटायची सोय नव्हती. विक्की म्हणाला, रबरी चटई टाकू. चटई सरकते, त्या म्हणाल्या. पुढचे काही दिवस त्या सपरीकडे बघत स्वयंपाक करत होत्या आणि सगळा राग पाट्यावरच्या मिरचीवर काढत होत्या. मिरचीही वाटली जात नव्हती, कारण पाटा झिजून गुळगुळीत झाला होता आणि वरवंटा नुसता घसरत होता. अशातच गल्लीतून हाक आली, “सिल टँकवा लो, जाँता टँकवा लो!”

छन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरणारी, झिजलेल्या पाट्याला टाकी मारून पुन्हा खरखरीत करून देणारी मैनाबाई होती ती. कमलाबाई पाटा उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच थांबल्या. मग पाटा तिथेच सोडून त्यांनी मैनाबाईला हाताला धरून सपरीत आणलं.

“इतना बड़ा सिल?” मैनाबाई हसत सुटली. “इसमें मसाला कौन पीसेगा, बाई?”

“मसाला नाई, मानूस चालवाचा हाय,” कमलाबाई म्हणाल्या.

मैनाबाईनं पदर खोचला आणि बसली. टक टक टक. शेजारणी फाटकाशी जमल्या. नवी फरशी फोडून राहिली, हिचं डोकं फिरलं, असं आपसात बोलल्या. हिरालाल मिस्त्री बातमी ऐकून आला आणि कपाळावर हात मारून गेला. कमलाबाई मैनाबाईच्या मागे मागे तळहात फिरवत होत्या. काठी अडकू नये म्हणून टाकी बारीक हवी, पाय सरकू नये म्हणून दाट हवी. जिथे हात घसरला तिथे त्या बोट ठेवत आणि मैनाबाई पुन्हा टाकी मारी. काम संपलं तेव्हा चमक पार गेली होती आणि फरशी देवीच्या वणांसारखी ठिपक्याठिपक्यांची झाली होती.

कमलाबाईंनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं.

“या,” त्यांनी दारातून हाक मारली.

“पानी कावून टाकलं? वाळू दे, मंग पाहू.”

“वाळल्यावर कोनीबी चालते. आत्ता या.”

टिकारामजी उंबरठ्यापाशी आले. “हात दे मंग.”

“हात नाई देत.”

पुन्हा पडले तर माणूस कायमचा गेला, आणि पाणी आपण ओतलेलं. तरी कमलाबाईंनी दोन्ही हातांत पदर घट्ट आवळून धरला.

टिकारामजींनी एक पाय बाहेर टाकला. अंगठ्यानं चाचपलं, दाब दिला, मुद्दाम पुढे ढकलून पाहिलं. पाय जागचा हलला नाही. मग दुसरा टाकला.

“खरखर लागते,” ते कुरकुरले.

“लागू द्या.”

फाटकाशी पोचून त्यांनी स्वतःच्या हातानं कडी काढली. मग वळून म्हणाले, “माही चप्पल कुठी हाय?”

चप्पल कुठे आहे हे घरात कुणालाच आठवेना. विक्कीनं ती पलंगाखालून काढली, फुंकर मारून धूळ उडवली. टिकारामजींनी ती पायात सरकवली आणि मागे न बघता चौकाकडे निघाले. विक्की मागोमाग जायला लागला, तर कमलाबाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

जेवणाची वेळ झाली, टळून गेली. वांग्याची भाजी निवली. कमलाबाई दोनदा फाटकात जाऊन आल्या. कुणाकडे बसले असतील? चहा प्यायले असतील, म्हणजे आता जेवणार नाहीत. या माणसाला सांगून जायची अक्कल कधी येणार?

“आई, तू जेवून घे ना,” विक्की म्हणाला.

“तू जेव. मी थांबून राहिली.”

त्यांनी भाजी पुन्हा गॅसवर ठेवली आणि उंबरठ्यावर बसल्या. राग राग करतानाच त्यांचे डोळे भरून आले. खाटेवरच्या माणसाची काही वाट पाहावी लागत नाही.