हुकूम पाटीचा

"हुकूम पाटीचा," असं म्हणून तो दोन्ही हात जोडायचा. आम्हाला नव्हे, पाटीला. तलावाकाठच्या बागेच्या दाराशी एक लाकडी पाटी ठोकलेली होती, वर इंग्रजी, खाली मराठी. रोज सकाळी तो पागोट्याच्या शेवाने तिच्यावरची धूळ पुसायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. वाचता न येणाऱ्या गोष्टीला माणूस फार मान देतो. तुम्हीही पाहिलं असेल.

तो आमच्या ठाणे गावातल्या त्या बागेचा माळी. जुन्नरकडून घाट उतरून आलेला, एकटा. बागेच्या कोपऱ्यात कुडाची खोपी होती, तेच त्याचं घर.

संध्याकाळी त्या बागेत पुरुषमंडळी हवा खायला जात. हवा खायची म्हणजे उपरणं सारखं करायचं, तलावाकडे बघत कचेरीतल्या गोष्टी करायच्या आणि पान थुंकायचं. माळी झारी घेऊन मागे मागे फिरे. "रावसाहेब, हवा खावा की. गुलाबाला पान कशापायी चारताय?" कचेरीत ज्यांना सगळे भीत, ते याला भीत.

आम्ही बायका जायचो सकाळी, देवळाच्या निमित्ताने. बागेत नुसतं फिरायचंही असतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बाग म्हणजे फुलं, फुलं म्हणजे देव, आणि देवासाठी घेतली तर ती चोरी नव्हे. एवढं शास्त्र प्रत्येकीला येत होतं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची, सासरी येऊन वर्ष झालेलं. माहेरी मुलींच्या शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या. सासूबाई हे चारचौघींत असं सांगत, की जणू मला लहानपणी देवी आल्या होत्या आणि व्रण राहिलेत.

पाटी नवी लागली त्या सकाळी माळी तिच्यासमोर डोकं खाजवत उभा होता. "थोरले कारकून म्हनले, पाटीवर लिवलंय तसं वागायचं. म्हनले आन गेले घाईत. आता पाटी काय म्हनतीय, ते कुनाला इचारू?"

थोरले कारकून म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी. बागेचा कारभार त्यांच्याकडे होता.

"हिला विचार," सासूबाईंनी मला पुढे ढकललं. "शिकलीय ना. बघू तरी काय उजेड पडतो."

पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, 'फुले तोडू नयेत'. मी ते वाचलं. मनात. मागे मोगरा फुललेला, सासूबाईंच्या हातात रिकामी परडी, आणि चार बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. मी मोठ्याने म्हटलं, "देवासाठी दोन फुले घ्यावीत."

दोन हा आकडा माझा. परडीभर म्हटलं असतं तर माळ्याला पटलं नसतं.

"अगबाई!" सासूबाई म्हणाल्या. "शाळेत घातलेली सून म्हणजे बरं असतं हो." हे ऐकायलाच मी खोटं वाचलं. देवाचं नाव उगीच पुढे केलं. देवाला कशाचीच घाई नव्हती.

त्या दिवसापासून माळी दारात उभा राहून फुलं मोजू लागला. "एक, दोन. बास. हुकूम पाटीचा."

"अरे, आमच्या देवघरात पाच देव आहेत," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"मग धा घ्या."

"आणि तेहतीस कोटी म्हणतात ते?"

"त्येंना दुसरी बाग बघा, काकू. हितं मोगऱ्याची सात झाडं हायेत."

बायका हसायच्या, तोही हसायचा. पण अकरावं फूल परडीतून काढून घ्यायचा आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवायचा. इतका काटेकोर माणूस मी कचेरीतही पाहिला नाही. आणि तो पाळत होता काय, तर माझी थाप.

मग चैत्र आला. घरोघरी चैत्रगौर बसली, हळदीकुंकू सुरू झालं, आणि आरास कोणाची चांगली यावर आळीत चुरस लागली. प्रत्येक घरचे देव एकाएकी वाढले. गौरीची दोन, शंकराची दोन, गौरीच्या सखीची दोन, माहेरच्या गौरीची दोन. माळी बोटं मोजून थकला, पण पाटीपुढे त्याचा इलाज नव्हता. एका शुक्रवारी सकाळी बाग पार बोडकी झाली. आमची आरास सर्वांत चांगली होती. मीच केली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी बडा साहेब मडमेला घेऊन बाग पाहायला आला.

दुसऱ्या दिवशी मामंजी जेवायला बसले ते फणफणतच. "साहेबानं मला सगळ्यांदेखत झापलं. फुलं कुठं आहेत, म्हणे. आणि तो माळी काय म्हणतो, पाटीवरच लिहिलंय, देवासाठी दोन घ्यावीत! कोणी वाचून दाखवलं म्हणून विचारलं, तर गप्प. नाव सांग, म्हटलं, तुझी नोकरी राहील. तरी गप्प. उद्या काढतो त्याला."

मी भात घेऊन दाराशी उभी होते. मामंजींच्या मागे देवघर होतं. त्यांनी स्वतः तासाभरापूर्वी पूजा केलेली. सगळे देव रात्रभर ओल्या फडक्यात राखलेल्या मोगऱ्यात बुडाले होते.

सासूबाईंनी देवघराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताक वाढू का?"

स्वयंपाकघरात त्या मला म्हणाल्या, "एक अक्षर बोलशील तर बघ. घरचीच सून निघाली तर साहेब आधी यांना काढील." सगळं त्यांच्यावर ढकललं तर सोपं जाईल. पण खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं. कोणी अडवलं नसतं तरी मी बोलले नसते. सुनेनं सासऱ्यांपुढे बोलू नये, ही रीत मला एरवी जाचायची. त्या दुपारी मी तिला घट्ट धरून बसले.

दोन दिवसांनी माळी आमच्या मागल्या दारी आला. मामंजी कचेरीत होते, सासूबाई माजघरात पडल्या होत्या. त्याने पागोट्यातून एक चिठ्ठी काढली.

"वैनी, एवढं वाचा."

"मामंजींनी वाचून दाखवली नाही?"

"दाखवली की. पन म्हनलं, तुमी वाचल्यावर येगळं काय निघतंय का बघावं."

त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला सोयीचं झालं असतं. मी वाचलं, "तुम्हास बागेच्या कामावरून दूर केले आहे. खोपी आठ दिवसांत खाली करावी." एकेक अक्षर, जसंच्या तसं.

"जुळलं," तो म्हणाला.

आता क्षमा मागायची असते. आमच्या चौथीच्या पुस्तकात तसा धडा होता, मला तोंडपाठ होता. मी चिठ्ठीची घडी घालून त्याला परत दिली. त्याने ती पागोट्यात खोचली आणि तलावाच्या कडेने निघून गेला. तो मला दिसला तो तेव्हाच शेवटचा.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"माळी."

"फुलं आणली होती?"

"नाही."

"मग आला कशाला?"