संध्याकाळची गोळी

हिलाल आबांनी चोपड्याच्या शिवारात चाळीस वर्षं केळीला पाणी दिलं, तेही दुसऱ्यांच्या. गेल्या साली त्यांच्या छातीत दुखू लागलं. जळगावच्या डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारी नायट्रेटची गोळी लिहून दिली. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी नाही.

संध्याकाळी का नाही, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही. मी पुना, त्यांच्या शेजारचा मेडिकलवाला. त्यांची बायको भिकुबाई, म्हणजे आमची अक्का, म्हणाली, "माणूस तीन येळ जेवस, मंग गोळी दोनच काब्र?" तिच्या लेखी ताटाबरोबर गोळी हवीच. आणि मी दीडशहाणा! चिठ्ठी डोळ्यांसमोर असून तिसरी गोळी देत गेलो.

सुरुवातीला गोळी घेतली की आबांचं डोकं ठणकायचं. दिवसाला तीन गोळ्या सुरू केल्यावर आठवड्याभरात ठणका थांबला. गोळी मानवली म्हणून अक्कानं गल्लीत गूळ वाटला. मीही खाल्ला.

सहा महिन्यांत दुखणं दुप्पट होऊन परत आलं. कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळीसुद्धा पूर्वीसारखी लागू पडेना. डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं. म्हणाले, रक्तवाहिन्यांना अष्टौप्रहर हे औषध मिळालं की त्या त्याला दाद देत नाहीत, वर स्वतःहून सैल व्हायचंही विसरतात. डोकं ठणकायचं थांबलं, तीच खूण होती. रोज काही तास औषधाविना जायलाच हवेत.

आबांना ते लगेच पटलं. "वाफसा लागस. बागले मी रोज पानी दिन्हं नही," ते म्हणाले. दोन पाण्यांच्या मध्ये माती जराशी सुकून मुळांना हवा मिळावी लागते, तो वाफसा.

पटलं, पण सोसायचं कसं? दुपारच्या गोळीचा अंमल उतरला की संध्याकाळी छाती आवळते. बाकीची औषधं चालूच आहेत, आणि ऑपरेशन त्यांच्या किडन्यांना झेपणार नाही. आबा पलंगाची कड धरून बसतात.

अक्कानं सगळी पाकिटं माझ्याकडे आणून दिली. "तूच ठेव. मना हातना भरवसा नही," म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. काही मागत नाही.

काल मात्र मागितली. जिभेखालची देऊन झाली होती, आणि तरी आबांचं कण्हणं दुकानापर्यंत ऐकू येत होतं.

"पुना, एकच दे रे भाऊ."

"नाही अक्का."

ती उठली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "मंग तू चाल मना संगे. तठे एकली बसानी हिंमत नही." मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर गेलो. आबांचा एक हात तिनं धरला, एक मी.