सुमनच्या कानातली सीटी

ही गोष्ट माझ्या पोरीला माहीत नाही, भावाला माहीत नाही, रोज सकाळी ज्यांच्यासोबत चहा पितो त्या म्हाताऱ्यांनाही माहीत नाही. जिला सांगायला पाहिजे होती ती आता राहिली नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

शाळा मी सातवीत सोडली. लिहायची सवय नाही. वाकडंतिकडं होईल.

बऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाजवळ माझं दुकान होतं. गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, अँप्लिफायर बसवायचं. आता बसवणारे तर गल्लोगल्ली आहेत. खरं काम नंतरचं — सीटी काढायचं. गाडी चालू केली, गाणं बंद ठेवलं, तरी स्पीकरमधून बारीक सीटी येते. रेस दिली का चढते, सोडली का उतरते. इंजिनाजवळ बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो असतो, त्याचा आवाज तारेतून अँपमध्ये शिरतो. कुठून शिरला? ते शोधायचं. आधी टेपकडून येणारी गाण्याची तार अँपमधून काढायची. सीटी गेली तर खोट पुढे, टेपच्या बाजूला. राहिली तर अँपच्या स्वतःच्या तारांमध्ये. करंटची जाड तार गाडीच्या एका अंगानं न्यायची, गाण्याची तार दुसऱ्या अंगानं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अर्थिंग. अँपची काळी तार गाडीच्या पत्र्याला बोल्टानं कसायची — पण त्याआधी तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा करायचा. रंगावर कसली का सीटी आलीच. हे मी कितीकांना शिकवलं.

हे सगळं सांगत बसलो, कारण पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

माझे कान गेले होते. सगळे नाही. बोलणं ऐकू यायचं, हॉर्न यायचा, ढोल यायचा. फक्त वरचे बारीक आवाज नाहीसे झाले. जन्मभर मोठमोठ्या स्पीकरांसमोर डोकं घालून बसलो, दुसरं काय होणार? एक दिवस सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, किती डास गुणगुणतात आज. मी कान लावला. मला एकही ऐकू आला नाही.

सीटी काढणारा मिस्त्री, अन् त्याला सीटीच ऐकू येत नाही. कोणाला सांगणार? मी कोणालाच सांगितलं नाही. सुमनलाही नाही.

ती दुपारी डबा घेऊन यायची. तिचा कान लई बारीक. आमच्या गल्लीच्या भजनात सूर तीच धरायची, बाकीच्या बायका तिच्या मागं लागायच्या. मी तिला म्हणायचो, "बस वं जरा मागच्या सीटवर. ऐक कसं झालं." मी रेस द्यायचो, आरशातून तिच्याकडे बघायचो. सीटी असली का ती एक बोट वर करायची. नसली का मान डोलवायची. तिला वाटायचं मी हौसेनं बसवतो. शेजारणींना सांगायची, माझ्या कानाशिवाय यांच्या दुकानातून गाडी निघत नाही. हसून सांगायची. खरंच होतं ते. किती खरं होतं, ते तिला माहीत नव्हतं.

मग तो सुखदेव आला. बहादरपूरचा, केळीवाला. नवी गाडी, त्याला लग्नाला जायचं होतं, घाई होती. मीही घाई केली. काम झालं, सुमनला मागं बसवलं, रेस दिली. तिनं बोट वर केलं.

मी तारा हलवल्या. परत रेस दिली. परत बोट.

सुखदेव म्हणाला, "वहिनी, मले तर काहीच येत नाही." त्याची हयात ट्रॅक्टरवर गेलेली, त्याला कुठून येणार?

"आहे, भाऊ. बारीक आहे. पण रेससोबत चढते," सुमन म्हणाली.

समोर चहाच्या गाडीवर चार लोक उभे होते. त्यातला एक बोलला, "मिस्त्री, दुकान तुमचं का वहिनींचं? एकदा ठरवून घ्या, म्हणजे आम्ही तिकडंच गाडी दाखवू."

सगळे हसले. आणि मी काय केलं? मी पण हसलो. म्हणालो, "गाडीत काही नाही हो. हिच्याच कानात सीटी वाजते. वय झालं आता."

ते आणखी हसले. सुमननं हात कानावर नेला. नुसता ठेवला. मग खाली उतरली, रिकामा डबा उचलला आणि घरी गेली.

आठवडाही झाला नसेल, सुखदेवची पोरगी तीच गाडी घेऊन आली. इंदूरला शिकायची ती. म्हणे, "काका, रेस दिली की सीटी येतेय, डोकं उठतं माझं." मी डिक्की उघडली. काळ्या तारेचा बोल्ट काढला. खाली रंग तसाच. चकचकीत. घाईत मी पत्रा घासलाच नव्हता. जे मी दुसऱ्यांना शिकवायचो, तेच.

घासला, कसला. पोरगी म्हणाली, गेली सीटी. मी तिला म्हटलं, तार ढिली झाली होती, खड्ड्यांनी होतं असं.

संध्याकाळी घरी गेलो. सुमन ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सुखदेवभाऊंची गाडी परत आली होती का हो?"

मी म्हणालो — नाही.

हाच तो शब्द. एवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. चहाच्या गाडीवर जे बोललो ते रागात म्हणा, शरमेत म्हणा. पण ओसरीवर कोण होतं हसायला? ती आणि मी. तिला फक्त खरं पाहिजे होतं. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच काहीतरी झालं."

तिनं दुकानात यायचं सोडलं. कानात लसणाचं तेल घालायला लागली, वरून कापूस. एकदा मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं मशीन लावून तपासलं. म्हणाला, मावशी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता — तसा मी फार दिवसांनी पाहिला. रिक्षात मी म्हटलं, "डॉक्टर लोक असंच म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला." का म्हटलं? तिचे कान चांगले, तर मग मी कोण? हे कारण मला तेव्हाही माहीत होतं. सांगून ते काही लहान होत नाही.

भजनात ती मागं बसायला लागली. बायका म्हणाल्या, सुमनबाई, पुढं या, सूर धरा. ती म्हणाली, माझ्या कानाचा भरवसा नाही, तुम्ही धरा, मी टाळ्या वाजवते. आणि घरात मला विचारायची. दूरवर गाडी आली असं वाटतं, आली का हो? पाखरू ओरडतं का पत्र्यावर? नळाला पाणी आलं वाटतं, बघा ना. माझा अर्धा कान मेलेला, आणि ती मला विचारायची. मी मनाला येईल ते सांगायचो. हो म्हटलं तर हो. नाही म्हटलं तर ती ऐकू आलेलं सोडून द्यायची. वर्षानुवर्षं.

मागच्या थंडीत तिला दवाखान्यात ठेवलं होतं. छातीचं दुखणं. खाटेजवळ मशीन होतं, त्यावर हिरवा दिवा लुकलुक करायचा. ती म्हणाली, "हे टीं टीं वाजतं ते खरंच वाजतं, का माझ्या कानात?"

मला ते ऐकू येत नव्हतं. दिवा दिसत होता. समजत होतं, वाजत असणार. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सांगायला किती वेळ लागला असता? कान तुझे चांगले आहेत, सुमन, खोट माझी होती. एवढंच तर होतं.

मी म्हणालो, "झोप तू."

दोन दिवसांनी ती गेली.

आता कुकर लावतो, समोर उभा राहून वाफ बघतो. दारावर कोणी आलं का नाही, ते विचारायला घरात कोणी नाही. विचारणारीच नाही, तर खोटं तरी कोणाला सांगणार?

सुमनचे कान शेवटपर्यंत चांगले होते. इतकी वर्षं हे एकट्या मला माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत झालं. तिला नाही.