चिंगीला ऐकू आलं तो रविवार

असे अनुभव वाचताना लिहिणाऱ्याची चूक कुठे झाली ते मी आधी शोधते. अमरावतीत बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते, त्यामुळे चमत्कार वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता मीच लिहायला बसलेय... हसा खुशाल.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी, दर्यापूरचा माझा मित्र वैभव, त्याची बायको रूपाली, आणि दोन कुत्री. वैभवचा डॉन दीड वर्षाचा, नुसता धिंगाणा. माझी चिंगी तेरा वर्षांची, आणि दोन वर्षांपासून ठार बहिरी. ऐकू परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी तिला बोलवायचं तर मी फरशीवर पाय आपटते.

परतवाड्याच्या पुढे वैभवच्या मामांची संत्र्याची बाग आहे. बागेमागून वीस मिनिटं चढलं की धबधबा. थंडीतही चांगलं पाणी होतं, आवाज एवढा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. छान कोवळं ऊन. आम्ही खडकावर भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडली. चिंगी आमच्याकडे पाठ करून झोपली होती.

रूपालीने मला विचारलं, "चिंगीले देऊ का अर्धी भाकर?"

चिंगीने मान वळवली.

"वास आला असंल," वैभव म्हणाला.

मी उठले. तिच्या मागे दहा-बारा पावलांवर खडकाआड बसले आणि हळूच म्हटलं, "चिंगी." पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. तिचे कान टवकारले, शेपटी हलली, आणि ती थेट माझ्याकडे वळली. मग दुसऱ्या बाजूने. मग वाऱ्याची दिशा बघून. सहाच्या सहा वेळा! रूपालीचं नाव घेतलं, तर ढिम्म. मला हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात ती उठली आणि धबधब्याच्या नाल्याच्या वरच्या अंगाला धावत सुटली — घरी दोन पायऱ्या चढताना थांबणारी ही कुत्री. तेव्हा कुठे लक्षात आलं, डॉन दिसत नाही.

आम्ही मागे पळालो. झुडपांत एका जागी थांबून ती भुंकत होती. समोर गवताने झाकलेली, कठडा नसलेली जुनी विहीर. अगदी काठावर वाकलो तेव्हा डॉनचं कण्हणं ऐकू आलं. खाली चिखलात रुतून बसला होता.

वैभव पांढराफटक. "मी उतरतो."

"काहून घाई करून राहिला? मामाले फोन लाव, दोर लागंल," रूपाली म्हणाली.

मामा दोर आणि दोन माणसं घेऊन आले. वैभव कमरेला दोर बांधून उतरला आणि डॉनला खांद्यावर टाकून वर आला. डॉनच्या पायाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. वैभव त्याला पोटाशी धरून तिथेच बसून राहिला.

मामा चिंगीकडे बघत होते. "इथं विहीर आहे हे मीच इसरलो होतो. हिले कोनं सांगतलं?"

"तिनं ऐकलं, मामा," मी म्हणाले.

"एवढ्या पान्याच्या आवाजात?" मामांनी विचारलं.

बागेत उतरल्यावर मी तिला मागून हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. ती संत्र्याच्या झाडाखाली निवांत हुंगत राहिली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. कान जसे होते तसेच. जानेवारीत आम्ही परत गेलो, त्याच खडकावर, त्याच वेळी. मी घसा बसेपर्यंत ओरडले. ती मस्त झोपली होती.

वास, हादरे, वारा... सगळं लावून पाहिलं, उत्तर जुळत नाही. ते नाही जुळलं तरी एकवेळ चालेल. पण अर्धा-पाऊण तास तिला ऐकू येत होतं, आणि तिच्या नावाशिवाय दुसरा एक शब्द तिच्याशी बोलायचं मला सुचलं नाही.