स्टँडबाय

सतरा वर्षं इन्फन्ट्रीत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता लोअर परळच्या एका टॉवरमध्ये फायर सेफ्टी सुपरवायझर आहे. ड्युटी सकाळी आठला सुरू होते. अलार्म वाजला की आधी पॅनेलचा आवाज बंद करायचा, मग ॲडमिनला विचारायचं, अशी तिथे सवय पडली होती. बहुतेक अलार्म खोटेच निघायचे.

त्या मंगळवारी अकरा वीसला पॅनेलवर चौदाव्या मजल्याचा दिवा लागला. कॅमेऱ्यात धूर नव्हता.

"कोणीतरी परत पाव जाळला असणार, साहेब," गार्ड गावडे म्हणाला.

ॲडमिनला फोन केला. "आधी कन्फर्म करा," उत्तर आलं. माणसं उतरवली आणि अलार्म खोटा निघाला तर? नाही उतरवली आणि खरा निघाला तर? मी पुन्हा फोन उचलला. हे मी आधी एकदा केलं होतं.

तेव्हा मी बर्फातल्या एका पोस्टवर सेक्शन कमांडर होतो. माझ्याच गावचा नाईक सावंत दोन जवानांना घेऊन नाल्यातून पेट्रोलवर निघाला होता. दुपारी दोन दहाला वरच्या उतारावरच्या बर्फात मला भेग दिसली. पेट्रोल परत बोलवायचा अधिकार माझा होता. तरी मी कंपनी मुख्यालयाला रेडिओवर विचारलं.

"मौके पर तुम हो. फैसला लो. ओव्हर."

मी पुन्हा विचारलं. मध्येच सावंतचा आवाज आला. "मागे येव की फुडे जाव? मुहूर्त बघतास काय? ओव्हर."

"स्टँडबाय," मी म्हणालो आणि कंपनीला तिसऱ्यांदा विचारलं. दोन चौदाला उतारावरचा बर्फ सुटला. दोन जवानांना आम्ही जिवंत बाहेर काढलं.

ॲडमिनला लावायला उचललेला फोन मी खाली ठेवला. "गावडे, हूटर लाव. सगळे खाली."

"मॅनेजर बोंबलेल, साहेब."

"बोंबलू दे."

सगळे उतरेपर्यंत मी जिन्यापाशी माणसं मोजत उभा राहिलो. अलार्म खोटा निघाला; सुतारकामाची धूळ डिटेक्टरमध्ये गेली होती. मॅनेजर मला सगळ्यांदेखत बोलला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, निर्णय माझा. आता एकदाच विचारतो आणि ठरवतो. भीती मात्र प्रत्येक वेळी तेवढीच वाटते.

सावंतच्या घरी गेलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'आगेकूच करताना वीरमरण.' त्याच्या बायकोने ते फ्रेम करून लावलंय. तिला मी अजून सांगितलेलं नाही. सावंत आगेकूच करत नव्हता. मी थांबायला सांगितलं म्हणून तो त्या उताराखाली उभा होता.