करवंदाच्या वाइनसाठी गुंजवण्याला

पिएत्रोची बोट शनिवारी मुंबईहून सुटणार होती आणि सोमवार उजाडला तरी त्याचं ठरत नव्हतं, जायचं की राहायचं. तो खोलीत येरझाऱ्या घालायचा आणि त्याला बघून मी व्हरांड्यात. शेवटी मीच म्हटलं, चल, उद्या सकाळच्या मोटरनं भोरला जाऊ, तिथून गुंजवण्याला. तुला जेवणाबरोबर वाइन देतो. मग काय ते ठरव.

पिएत्रो इटालियन बोटीवरचा स्वयंपाकी. इटलीनं लढाईत उडी घेतली तेव्हा त्याची बोट मुंबईला लागलेली होती. तिथूनच त्याला उचललं आणि सहा वर्षं तारेच्या कुंपणात ठेवलं. लढाई संपून वर्ष होत आलं तेव्हा कुठे तो सुटला. त्याचं पोट सारखं बिघडायचं आणि माझे वडील पुण्याच्या कँपातले डॉक्टर, म्हणून तो आमच्याच मागच्या खोलीत राहायला आला. वयानं माझ्या दुपटीहून मोठा, पण दोन दिवसांत दोस्त झाला. आम्ही इंग्रजीत बोलायचो. इथे त्याचं बोलणं मी मराठीत लिहितोय.

त्याच्या गोष्टी ऐकून मला वेडच लागलं होतं. त्याच्या गावी, जिनोआच्या वरच्या डोंगरात, दुपारचं जेवण दीड-दोन तास चालतं. टेबलावर वाइन असतेच, जसा आपल्याकडे पाण्याचा तांब्या. पोरांनासुद्धा पाण्यात चार थेंब टाकून देतात. आई स्वतः ओतते. आणि कुणी झिंगला तर त्याची लाज वाटते सगळ्यांना. आपल्याकडे दारू म्हणजे दाराआड, संध्याकाळी, घाईघाईत, घरच्यांची नजर चुकवून. मला त्यांचं हे फार ग्रेट वाटायचं. मुंबईच्या एका हॉटेलनं पिएत्रोला नोकरी देऊ केली होती, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. माझा प्लॅन असा, की त्यानं ती घ्यावी, माझं बी.ए. होईपर्यंत थांबावं आणि मग आम्ही दोघांनी कँपात खाणावळ काढावी. मी तर पाटीचा रंगही ठरवला होता.

त्याला थांबवायचं हत्यार माझ्याकडे होतं. मागच्या मे महिन्यात मी राजगड चढायला गेलो तेव्हा पायथ्याच्या गुंजवण्यात धोंडिबामामा नावाच्या शेतकऱ्याकडे आठवडाभर राहिलो होतो. इटालियन वाइनबद्दल एका पुस्तकात तेव्हा नुकतंच वाचलेलं. करवंदं मुबलक, गूळ घरात. पुण्याहून नेलेल्या मोठ्या चिनी बरणीत मी करवंदं चुरडून, गूळ-पाणी घालून, वर फडकं बांधून ठेवून आलो. घरात दारू घालतोय म्हणायची लाज वाटली म्हणून त्यांच्या बायकोला, सखूमामींना सांगितलं, करवंदाचं लोणचं आहे, पुढच्या वर्षी येऊन खाईन. म्हणजे आता वर्षाची जुनी वाइन तयार. पिएत्रोला दाखवायचं होतं, की बघ, तुझं जेवण इथेही मिळतं.

मंगळवारी निघालो. कुणाला जायचं असेल तर ऐका. मोटर सहाची म्हणतात, सुटते सात-साडेसातला. भोरपर्यंत एक रुपया घेतात. पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटरच्या मागे कोळशाची भट्टी लावलेली आहे. कात्रजच्या घाटात ती दमली की क्लीनर उतरून भट्टी ढोसतो आणि आपण धूर खात उभं राहायचं. मी चार वेळा घड्याळ बघितलं. पिएत्रो उतरून बोगद्यापर्यंत चालत गेला आणि परत आला, पुन्हा गेला. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, सायबाचं काय हरवलंय का?

भोर आधी घेतलं कारण सगळा मुलूख भोर संस्थानाचा, परक्या माणसाला ठाण्यात कागद दाखवावा लागतो असं मला कुणीतरी सांगितलं होतं. हवालदारांनी कागद उलटासुलटा करून बघितला. इटली कुठं, म्हणाले. मी सांगितलं. म्हणजे हरलेले का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी पिएत्रोला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. कागदावर काहीच लिहिलं नाही, त्यामुळे दाखवायची गरज होती की नव्हती ते मला अजूनही माहीत नाही.

संध्याकाळी भाटघरच्या धरणावर गेलो. भोरहून टांग्यानं थोडाच वेळ लागतो. पाणी पार तळाला गेलेलं, पण भिंत बघण्यासारखी आहे. नेमकं तिथेच पिएत्रो बोलला. घरचं शेवटचं पत्र येऊन आठ महिने झालेत. त्यात आई आजारी असल्याचं होतं, त्यानंतर काही नाही. म्हणाला, "घरी गेलो आणि टेबलाशी कुणीच नसलं तर? मुंबईत निदान माझं कुणी नाहीच. तिथे कुणाची खुर्ची रिकामी दिसणार नाही." मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण आतून मी म्हटलं, म्हणजे राहणार.

बुधवारी मोटरनं मागे नसरापूर. तिथे भजी चांगली मिळतात, पण तिखट, पिएत्रोचे डोळे वाहायला लागले. कामथडीचा एक बैलगाडीवाला मार्गासनीला निघाला होता, त्यानं घेतलं. मार्गासनीनंतर चालायचं. साखर गावापर्यंत वाट रुंद आहे, पुढे बांधांवरून. जोडे जुनेच घाला. आणि जमलं तर रेशनची साखर बरोबर न्या. कुणाच्याही घरी गेलात तरी तिच्याइतकं स्वागत दुसऱ्या कशाचं होत नाही. सगळीकडे राब भाजणं चाललेलं, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा नि शेण पसरून जाळायचा. अख्ख्या खोऱ्यात धूर, आणि वर राजगड अर्धाच दिसत होता. आभाळ भरून यायच्या आत हे आटपायचं असतं, त्यामुळे जो तो घाईत. रामरामसुद्धा चालता चालता.

धोंडिबामामा पोचल्यावर म्हणाले, आलात ते बरं झालं, पण उद्या दुपारी मला बसायला येळ न्हाई. मी म्हटलं, मामा, उद्याचं जेवण दोन तासांचं आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचे वडील आबा ओट्यावर दोर वळत होते. ते म्हणाले, "दोन तास? कोन मेलंय का?"

गुरुवारी सकाळी मामींनी कोंबडा शिजायला घातला आणि मी बरणी मागितली. त्यांनी धान्याच्या कणगीमागून ती दोन्ही हातांनी उचलून आणली. फडकं अगदी स्वच्छ धुतलेलं होतं. मी दोरी सोडली. आत वर बोटभर तेलाचा थर.

मी बरणीत डोकं घालून पुन्हा बघितलं. मामींना वाटलं मी खूश झालोय. त्या सांगायला लागल्या, "तुमी गेलात आन् चार दिसांत फेस आला बघा. बुडबुडं यायला लागलं. म्या म्हणलं, पोराचं लोणचं नासतंय. मंग मूठभर मीठ टाकलं, आन् कारळ्याचं तेल कढवून, गार करून वर वतलं. वरीसभर कुनाला हात लावू दिला न्हाई."

कुठलीही आपली बाई हेच करणार. लोणच्याला बुरा येऊ नये म्हणून तेल वर आलं पाहिजे, हे काय त्यांना मी शिकवायचं? चूक सगळी माझी. खोटं बोललो नसतो तर वाइन झाली असती. मी पिएत्रोला इंग्रजीत सगळं सांगितलं, मान खाली घालून, आणि वर म्हटलं, सॉरी, झाली ट्रिप फुकट.

पिएत्रो बरणीपाशी गुडघ्यावर बसला. वास घेतला. तेलाला बोट लावून बघितलं. मग त्यानं विचारलं, "हे हिला कुणी सांगितलं?"

मला वाटलं तो चिडलाय. पण तो हसत होता. त्याच्या घरी मोठ्या काचेच्या बुधल्यात वाइन भरली की त्याची आई मानेपाशी तेल ओतते, ऑलिव्हचं. हवा लागू नये म्हणून. त्याच्या आजीनं आईला शिकवलेलं. मिठाचं मात्र त्यालाही नवीन होतं.

त्यानं मामींकडे खुणेनं कापूस मागितला. मामींनी देवाच्या वातींचा कापूस दिला. तो बोळा तेलावर टेकवायचा, पिळायचा, पुन्हा टेकवायचा. अर्धा तास तेच. मला इतकी घाई झाली होती की मी दोनदा मध्ये हात घातला आणि त्यानं दोन्हीदा बाजूला केला. शेवटी खालचा रस दिसला. गडद, जवळजवळ काळा. पिएत्रोनं पळीभर घेऊन चाखला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खारट आहे. आंबट आहे. पण वाइन आहे."

आता खरी अडचण आली. मी मामींना खरं काय ते सांगितलं, लोणचं नव्हतं, त्याच्या देशात हे जेवताना पितात. मामींचा चेहरा उतरला. रागानं नाही, फसवल्यासारखा. म्हणाल्या, प्यायचं तर गोठ्यात जाऊन प्या, माझ्या घरात ताटाच्या शेजारी दारू ठेवायची न्हाई. मी म्हटलं, मामी, त्याच्याकडे तर आई स्वतः वाढते. त्यांना ते पटेना. आई वाढती? पोराला? आणि मग तो जेवतो? धोंडिबामामा राबाकडे बघत उभे, त्यांना एवढंच हवं होतं की जे व्हायचं ते लवकर होऊ दे.

आबांनी दोर बाजूला ठेवला. "तू मीठ घातलंस न्हवं त्यात?" त्यांनी सुनेला विचारलं.

"घातलं की, मामंजी."

"आन् त्याल?"

"त्याल बी."

"मंग दारू कशी व्हईल? लोणच्याचं पानी हाय त्ये. वाढ."

मामींनी हसू दाबलं, पदर नीट केला आणि पळी घेतली.

ओसरीत चौघं ओळीनं बसलो. नाचणीची भाकरी, रस्सा, भात, कांदा. मामींनी प्रत्येकाच्या पितळी वाटीत दोन दोन पळ्या वाढल्या, जसं लोणचं वाढतात तशाच, उजव्या हातानं, वाकून. पिएत्रो घास तसाच हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपल्या वाटीत थोडं पाणी घातलं. धोंडिबामामांनी तोवर भिंतीकडे तोंड करून वाटी एका घोटात रिकामी केली होती. पिएत्रोनं खुणेनं समजावलं, एक घास, एक घोट, हळू. मामांनी मला विचारलं, औषध हाय का ह्ये? आबा मात्र शिकले. घास, घोट, घास, घोट.

"चढत न्हाई ह्ये," आबा थोड्या वेळानं म्हणाले.

मी म्हटलं, चढवायचं नसतंच.

"मंग कशाला प्यायचं?"

मी पिएत्रोला विचारलं. तो म्हणाला, बसून राहायला. आबा म्हणाले, बसून राहायला आमाला काय बी लागत न्हाई, ह्यो माझा ल्योकच उठवतो. मामा हसले आणि खरंच, पुन्हा खाली टेकले. राब धुमसत होता तिकडे. सगळ्यात आधी उठायची चुळबुळ मलाच झाली होती. गेल्या सहा वर्षांत पिएत्रोला कुणी एवढा वेळ एका जागी बसलेला पाहिला नसेल. तो मामींकडे हात करून मला म्हणाला, अगदी असंच. वाकून. तो काय म्हणतोय, आबांनी विचारलं. मी सांगितलं, त्याची आई अशीच वाढते म्हणतोय.

"हाय का आई?"

मी सांगितलं, ठाऊक नाही, पत्र आठ महिन्यांपूर्वीचं. मुंबईत नोकरी मिळतेय, राहील बहुतेक.

आबांनी वाटी खाली ठेवली आणि थेट पिएत्रोकडे बघून म्हणाले, "आई हाय का न्हाई ठावं न्हाई, आन् तू हितं जेवत बसलायस व्हय रं?"

पिएत्रोला थोडी हिंदुस्थानी येत होती, पण हे काही कळलं नाही. तो माझ्याकडे वळला. मी खरं सांगतो, मला दुसरं काहीतरी सांगायचं होतं. 'आबा म्हणतात, जेवण आवडलं का?' बस्, एवढंच. कुणाला कळणार होतं? खाणावळ, पाटी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. आबा मी काय बोलतो ते ऐकायला थांबले होते, मामी पळी धरून उभ्या होत्या. मी भाकरीचा तुकडा चावत वेळ काढला. मग जसं होतं तसं सांगितलं, शब्द न् शब्द.

पिएत्रोनं वाटीतलं संपवलं, भाकरीनं ताट पुसलं, आणि उठून मामींच्या पायांना हात लावला. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या घरी बघितलं असणार. मामी मागे सरल्या आणि त्यांनी मला विचारलं, जास्त खारट तर न्हवतं झालं?

त्याच दुपारी निघालो, नसरापूरला मुक्काम केला, शुक्रवारी सकाळी पुणे. उतरताना साखरपर्यंत तो इतका भरभर चालत होता की मी मागे राहायचो. वाटेत एकदाच बोलला. मोटर चुकली तर दुसरी कधी, एवढंच. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं आम्ही मुंबईला गेलो आणि शनिवारी तो बोटीवर चढला. मी धक्क्यावरून हात हलवत होतो, तो रांगेत पुढे घुसायला बघत होता. मागे वळला की नाही, गर्दीत दिसलं नाही.

तर गुंजवण्याला जरूर जा. पावसाच्या आधी जा, साखर न्या, तीन-चार दिवस हातात ठेवा. करवंदं पिकलेली असतील तर वाइन घालून बघा, पण घरच्यांना खरं सांगा. तेल मात्र घालाच.

बोट जाऊन अडीच महिने झाले. पत्र नाही. लिहितो म्हणाला होता, आई आहे की नाही ते पोचल्याबरोबर कळवतो. पोस्टमन आमच्याकडे दुपारी एकच्या सुमाराला येतो, नेमका जेवणाच्या वेळी, आणि मी ताटावरून उठून फाटकापर्यंत जाऊन येतो. आई ओरडते. वडील म्हणतात, बस की जरा शांत. मला आबांना जाऊन भेटायचंय, मामींना साखर द्यायचीय, पण निघता येत नाही. गेलो की आबा पहिलं तेच विचारणार, आणि त्या ओसरीवर बसून मला ठाऊक नाही म्हणून सांगावं लागणार.