दोनदा एंटर

नोकरीला लागून सात महिने झाले होते आणि दुपारचे तीन वाजले की मला ते टेबल सहन व्हायचं नाही. तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात मी आवक टेबलावर होते, कंत्राटी. लोक अर्ज आणायचे. मी कॉम्प्युटरवर नोंद करायची, त्यांच्या प्रतीवर शिक्का मारायचा, खाली सही करायची. त्याला पोच म्हणतात. कागद मिळाला, एवढाच तिचा अर्थ.

मी वाढले त्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा मास्तर, आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे: वाळूउपशाविरुद्ध, डोंगर पोखरणाऱ्यांविरुद्ध, बंद केलेल्या एसटीच्या फेरीसाठी. घड्या आम्ही भावंडं घालायचो. पाढे मी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर शिकले. प्रत्येक पत्रकात एक वाक्य ठरलेलं: सरकार आमचे कागद वाचत नाही. त्यामुळे पहिला महिना मी प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि प्रत्येकावर संतापले. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, चष्म्यावरून बघायचे. "मॅडम, नोंद करायची. भांडण आपलं नाही."

दुसऱ्या महिन्यात मी फक्त विषयाची ओळ वाचायला लागले. पुढे तीही धूसर झाली. संध्याकाळी घरी जाऊन बाबांना सांगायचे, ही यंत्रणाच सडलेली आहे, मी राजीनामा देणार. बाबा म्हणायचे, दे. मी द्यायचे नाही. सकाळी परत तीच खुर्ची, तोच पंखा, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला तोच स्टेपलर.

फेब्रुवारीत एक म्हातारी आली, धामापूरच्या पलीकडच्या वाडीतली. पिशवीतून तिने तीन कागद काढले. तिन्ही पोच, तिन्ही लॅमिनेट केलेल्या.

"चेडवा, सही तुझीच मां ही?"

"माझीच."

"मगे तीन-तीनदा मंजूर केलंस, तरी साकव बांधूक कोण येणा नाय तां?"

तिच्या घराकडे जायच्या वाटेवर व्हाळ आहे, पावसात भरून वाहणारा ओढा. त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं. पावसात दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं त्याला खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून नेतात. पुढच्या पावसाच्या आत साकव हवा, एवढंच तिचं म्हणणं. आणि शिक्का म्हणजे मंजुरी, असं ती धरून चालली होती.

"पयल्या कागदाक मी देवीक नारळ दिलंय," ती म्हणाली.

मी तिला पोच म्हणजे काय ते सांगितलं. तिने तिन्ही कागद माझ्यापुढे सरकवले. "मगे माझो अर्ज खंय आसा?"

तो बांधकाम विभागात असणार, आणि तिथे धूळ खात असणार, हे मी मनात ठरवूनच पहिल्या पोचेवरचा नंबर टाकला. बाबांच्या पत्रकातलं वाक्य ओठांवर तयार होतं. स्क्रीनवर आलं: पाणीपुरवठा. दुसरा नंबर टाकला. पाणीपुरवठा. तिसराही.

विभाग निवडायच्या यादीत पाणीपुरवठा सगळ्यात वर आहे. न बघता दोनदा एंटर दाबलं की तोच पडतो. अर्ज पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

मी तिच्यासमोरच भाऊसाहेबांना सांगितलं. ते हसले. "पाणीपुरवठ्यातल्यांनी तरी कुठे वाचले? वाचले असते तर परत आले असते. फिटंफाट. नवीन अर्ज घ्या."

नवीन अर्ज मीच लिहिला, तिचा अंगठा घेतला आणि तिला घेऊन वरच्या मजल्यावर बांधकामात गेले. तिथल्या क्लार्कने तो लगेच वाचला. सगळा. मग म्हणाला, यंदाच्या कामांची यादी महिन्यापूर्वीच मंजुरीला गेली. आता हा पुढच्या वर्षीच्या यादीत. आधीच्या तिनातला एक जरी वेळेवर आला असता तर घातला असता.

जिन्यात ती कठड्याला धरून थांबली.

"तू वाचूक नाय?"

"नाही, आजी."

"वाचलंस असता तर हात मोडलो असतो तुझो?"

कंटाळा आला होता, हे तिला कसं सांगणार? ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त हिशेब करत होती, पावसात नवऱ्याला कोणाच्या घरी ठेवता येईल. "चार म्हयने चेडवाकडे ठेवतंय त्येका," ती स्वतःशीच म्हणाली. "जावय कुरकुर करतलो. करूंदे."

तिची एसटी होती. ती गेली.

मी खाली आले तेव्हा टेबलापुढे रांग झाली होती. पहिल्या माणसाचा अर्ज चार पानी होता, बारीक अक्षरात, आणि तेच तेच तीनदा लिहिलेलं. मी वाचत बसले. मागून कोणीतरी ओरडलं, "काय गो, परीक्षा आसा काय उद्या?" लोक हसले. भाऊसाहेबांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. मी पान उलटलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी त्याला काय हवं होतं ते सापडलं: घरपट्टीच्या पावतीवर त्याच्या मेलेल्या भावाचं नाव येत होतं, ते काढायचं होतं. यादी खाली सरकवून मी विभाग शोधला. कंटाळा काही गेला नव्हता.